काळीपिवळीतले निवडलेले

काळीपिवळीचं एक असते. गाडी भरली म्हणून कोणी खाली राह्यत नाई. आतल्या माणसाले वाटते का आता मुंगीलेही जागा नाई, तेवढ्यात पुढच्या फाट्यावर एक बाई टोपलं घेऊन उभी राह्यते. मंग बाईही बसते अन् टोपलंही बसते. किस्स्याइचंही तसंच हाये. मी म्हणतो आता पुरे. लोकं म्हणतात, मधू, तो पोलिसवाला सांग ना. तो सांगतो, तं त्याच्या मांग दुसरा लटकूनच येते.

मी कळमेश्वर ते नागपूर गाडी चालवतो. शाळा चवथीपर्यंत. डोस्कं गरम हाये, ते स्टँडवर कोणालेही विचारा. बाकीचे दिवस जो हात दाखवन तो आपला, पण रविवारची गाडी बांधलेली हाये. कळमेश्वरातली ख्रिस्ती मंडळी सकाळी नागपूरले उपासनेले नेतो, संध्याकाळपर्यंत परत आणतो. मी त्याइच्यातला नाई. आमच्या घरी मारोती हाये, त्याचं माहं बरं चालू हाये. पण इतके वर्ष नेऊन राहिलो का अर्धं शास्त्र मले आरशात पाह्यता पाह्यताच समजलं.

आरशात म्हणजे मांगच्या दोन सीटा दिसतात ना, तिथं. काळीपिवळीत मांगं दोन लांब बाकडे राह्यतात, एकमेकाइच्या तोंडासमोर. एका बाकड्यावर पीटरकाका, समोरच्या बाकड्यावर रूथकाकू. नवरा-बायको हायेत हे. काका एमआयडीसीत फिटर होता, आता रिटायर. त्याचं म्हणणं असं, का देवानं जग बनवाच्या आधीच ठरवून ठेवलं कोणाले घ्याचं अन् कोणाले सोडाचं. ज्याले निवडलं तो कुठंही पळो, शेवटी येतेच. ज्याले नाई निवडलं, त्याच्यासाठी डोस्कं फोडून काही फायदा नाई. काकूचं म्हणणं, देव सगळ्याइवर सारखं प्रेम करते, कोणी कमी नाई, कोणी जास्त नाई.

आता तुमी म्हणसान, हे त मोठमोठ्या लोकाइचं भांडण हाये, यात काका-काकूचं काय अडलं? तं ऐका. त्याइचा एक पोट्टा हाये, विजय. तो घर सोडून कामठीले राह्यते. सगळं भांडण त्याचं होय. देवाचं नुसतं नाव हाये.

*

विजय कसा गेला ते मी डोळ्यानं पाह्यलं.

तवा तोही रविवारी याच गाडीत याचा. एका रविवारी गाडी घरासमोर उभी, मी हॉर्न वाजवून राहिलो, सगळे बसले, विजयचा पत्ता नाई. शेवटी तो बनियनवर बाहेर आला अन् म्हणे मले नाई याचं, मले त्या भक्तीत काही वाटत नाई, मी खोटं खोटं बसून राह्यतो. आता पोट्टा खरं बोलला ना? काकाले खरं नाई चाललं. सगळ्या लोकाइसमोर, गाडीतूनच बोलला, "याले जबरदस्ती करू नका. हा निवडलेल्यातला नाहीच."

विजयनं एकदम शांतपणे विचारलं, "नक्की ना?"

काका म्हणे, नक्की.

"मंग मी झोपतो," म्हणे, अन् आत गेला.

सगळे हासले. मीही हासलो. संध्याकाळी गाडी परत आली तं घराले कुलूप. पोट्टा कपडे घेऊन गेला होता. नंतर समजलं का कामठीले पॉवरलूमवर लागला. मायले फोन करते, बरा हाये म्हणते, ठेवून देते. काकू एकदा म्हणली मी येतो तुले न्याले. तं म्हणे, तू नको येऊ. ज्यानं सांगितलं मी त्यातला नाई, त्यालेच येऊ दे.

अन् काका म्हणे, मी काहून जाऊ? निवडलेला असंन तं आपून होऊन येईन.

झालं. तवापासून दोघं दोन बाकड्यावर.

*

हळूहळू बाकीच्याइनंही बाकडे वाटून घेतले. काकाच्या बाजूचे काकाकडं, काकूच्या बाजूचे काकूकडं. कोणी ठरवलं नाई, पण झालं. एकदा रस्त्यात एक माणूस गोबीचं पोतं घेऊन चढला. जागा पाहून काकाच्या बाकड्यावर टेकला. तं लगेच समोरून एका बाईनं विचारलं, भाऊ, तुमी कोणत्या बाजूचे? तो घाबरला. म्हणे, "मी कॉटन मार्केटले उतरतो जी." मंग उतरेपर्यंत पोतं मांडीवर घेऊन बसला, इकडंही पाह्यलं नाई अन् तिकडंही नाई.

खरी मजा नवीन पास्टर आला तवा झाली. शहरातला पोट्टा, चष्मेवाला, बोलाले पक्का. त्यानं पहिल्याच रविवारी निवडीवर असं बोललं, असं बोललं, का परतीच्या वेळी काकूच्या बाजूचे अर्धे लोक काकाच्या बाकड्यावर. बाकड्यावर मावत नोते तं एकमेकाइच्या मांडीवर. इकडं काकू अन् एक म्हातारी, दोघीच, आरामात पाय लांब करून.

मी म्हणलं, जरा इकडं सरका. कोणी सरकत नाई. काका म्हणे, सत्य ज्या बाजूला असतं तिकडं माणूस बसतो.

फेटरीजवळ खड्डा आला अन् त्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा खटकन तुटला. गाडी अशी कलंडली का सगळे निवडलेले एका कोपऱ्यात गोळा.

मी खाली उतरलो. तुटलेला पाटा पाह्यला अन् माहं डोस्कं फिरलं. म्हणलं, "देवाचं प्रेम सारखं असंन का नसंन ते तुमी पाहा. माह्या गाडीत लोड सारखा पायजे!"

तवापासून माह्या गाडीत आधी वजन पाह्यलं जाते, मंग विश्वास.

*

उपासना चालू असली का पहिले मी बाहेर गाडीतच झोपत होतो. मंग उन्हाळ्यात आत जाऊन मांगं बसाले लागलो, पंखा हाये म्हणून.

एक दिवस पास्टरनं जुळ्या भावाइची गोष्ट सांगितली. मायच्या पोटातच होते, चांगलं नाई का वाईट नाई, काहीच केलं नोतं, तवाच देवानं एकाले घेतलं अन् एकाले सोडलं. मी मांगून काकूच्या पाठीकडं पाहून राहिलो होतो. ते बाई एकदम दगडासारखी बसलेली. मले राहावलं नाई. मी उभा झालो. म्हणलं, "साहेब, तुमी त्याले सोडला म्हणता, तं त्याच्या मायले विचारलं होतं का कोणी?"

सगळे मांगं वळले. मले वाटलं काय बोललो मी. जिंकलो.

पास्टरनं चष्मा वर केला. अजिबात रागावला नाई. म्हणे, "भाऊ, तुम्हाला गोष्ट पूर्ण माहीत नाही. त्याची आईच दुसऱ्या मुलाच्या बाजूनं होती. तिनंच त्या दुसऱ्याला पुढं केलं."

मी खाली बसलो. पंखाही लागेना.

परत येताना काकू समोर माह्या बाजूच्या सीटवर येऊन बसली. मंग म्हणे, "मधू, तू माह्याकडून बोलू नको गा. तुह्यानं मी हारतो."

*

तो ट्रॅफिकवाल्याचा किस्सा म्हणजे स्टँडवरचा फेमस.

सकाळची गाडी, नाक्यावर हवालदारानं शिट्टी मारली. गाडी भरलेली, खोटं काहून बोलू. पण माह्या पुढची गाडी माह्याहून जास्त भरलेली होती, तिच्या टपावर दोन पोट्टे होते. ते गेली निघून. मले थांबवलं.

मी खाली उतरलो अन् सुरू झालो. म्हणलं, साहेब, हे काय लावलं? सगळ्या गाड्या भरून चालल्या, ते समोरची तुमाले दिसली नाई? एवढ्या गाड्याइतून मलेच काहून पकडलं? मी काय केलं असं?

मांगून काकाचा आवाज आला. एकदम शांत, जसा उपासनेत वचन वाचते तसा. "मधू, निवडीचं कारण विचारायचं नसतं."

हवालदारानं आत वाकून पाह्यलं. म्हणे, कोण बोललं?

तं समोरच्या बाकड्यावरून काकू म्हणे, "साहेब, तुमी त्याइचं ऐकू नका. तुमी सगळ्याइवर सारखं प्रेम करा. त्या समोरच्या गाडीलेही पकडा."

हवालदार एकदा काकाकडं पाह्यते, एकदा काकूकडं पाह्यते. मंग मले बाजूले घेतलं अन् हळूच विचारलं, "हे कुठं नेऊन राहिला तू याइले?" त्याले वाटलं दवाखान्यात.

चालान फाडलंच त्यानं. पण फाडताना हासत होता.

*

मीही एकदा काकाले सरळच विचारलं. म्हणलं, काकाजी, एवढं तुमाले माहीत हाये तं सांगा, मी निवडलेला हाये का?

काका म्हणे, ते मलेही माहीत नाई अन् तुलेही नाई. ते देवालेच माहीत.

म्हणलं, मंग विजयचं कसं माहीत झालं तुमाले?

काकानं खिडकीबाहेर पाह्यलं. ब्राम्हणी गाव येईपर्यंत बाहेरच पाहून राहिला. तिथं पाह्यासारखं काही नाई, निरा तुरीचे वावरं हायेत.

मंग मी काकूकडं वळलो, कारण मी काही एका पार्टीचा नाई. म्हणलं, काकू, तुमचा देव सगळ्याइवर सारखं प्रेम करते ना? माह्यावरही?

"हाव."

"जेवढं या पास्टरवर तेवढंच?"

"तेवढंच."

"अन् त्या दिवशीच्या चालानवाल्यावर?"

काकूनं पदर खांद्यावर ओढला. मंग म्हणे, "करत असंन. पण ते मले सांगू नको."

*

महिन्यातून एकदा उपासनेनंतर त्याइचं प्रीतिभोजन राह्यते. सगळ्याइनं एका पंगतीत बसून खाचं, गरीब-श्रीमंत काही नाई. एका बकऱ्याचं मटण अन् भात. वाढाले रूथकाकू. काकूचा हात असा का पास्टर असो, झाडूवाली असो, नाईतर मी ड्रायव्हर असो, सगळ्याइच्या ताटात सारखेच तुकडे अन् सारखाच रस्सा. तिच्यासाठी ते वाढणं म्हणजे भाषणच होय.

काकाले नळी आवडते. आता एका बकऱ्यात नळ्या असून असून किती? त्या दिवशी काकाच्या ताटात नळी आली नाई. त्यानं चमच्यानं सगळं पालथं करून पाह्यलं. मंग पंगतीत सगळ्याइले ऐकू जाईन असं बोलला, "का वं, सगळ्याइवर सारखं प्रेम हाये म्हणतं ना? मंग मले नळी काहून नाई?"

काकूनं हातातला डाव थांबवलासुद्धा नाई. म्हणे, "नळी आधीच ठरलेली हाये. पास्टरची."

पास्टरच्या तोंडात तवा नळीच होती. त्याले ठसका लागला तो किती वेळ जाईना. मी पाठीत बुक्क्या मारल्या. बुक्क्या मारताना जुळ्या भावाची गोष्ट आठवली, म्हणून दोन जास्तीच्या मारल्या.

*

आता हे जे सांगतो त्यात हासासारखं हाये, पण तवा मी हासलो नोतो.

एका रविवारी कळमेश्वरातून एक नवा माणूस चढला. पांढरा शर्ट, हातात बॅग, बोलणं गोड. काकाच्या बाकड्यावर बसला. मले वाटलं कोणाचा पाहुणा असंन. रस्त्यानं नेहमीचं सुरू झालं. नेहमीचं म्हणजे काका एक बोलते, काकू एक बोलते, बाकीचे हासतात, मी हॉर्न वाजवतो. पण या माणसाले सवय नाई. त्याले वाटलं खरंखुरं शिकवाचं हाये.

तो काकूले समजावाले लागला. काकूनं विजयचं नाव घेतलं असंन, तं तो म्हणे, ताई, तुमचा मुलगा निवडलेल्यांतला नाहीच, हे तुम्ही स्वीकारा. देवानं ज्याला सोडलं त्याच्यासाठी आईनं रडणं म्हणजे देवाच्या निर्णयाविरुद्ध रडणं.

मी आरशात पाह्यलं. काकू पदराचं टोक बोटाले गुंडाळून राहिली होती, सोडत होती, गुंडाळत होती. काका खाली पाहून राहिला होता.

मी गाडी बाजूले घेतली. मांगचं दार उघडलं. म्हणलं, "उतर."

तो म्हणे, भाऊ, काय झालं?

मी म्हणलं, "देवानं सोडलं का नाई ते मले माहीत नाई. मी तुले सोडलं. उतर."

बॅग त्याच्या हातात देली अन् गाडी काढली.

नागपूरले पोचलो, सगळे आत जाऊन बसले. गाणे झाले, प्रार्थना झाली, तरी उपदेश सुरू होईना. पास्टर घडी पाह्यते, दाराकडं पाह्यते, मोबाईल लावते. मंग खाली येऊन विचारलं, आज पाहुणे वक्ते तुमच्याच गाडीनं येणार होते ना, कुठं आहेत?

मी म्हणलं, पांढरा शर्ट?

हो, म्हणे.

"त्याले मी फेटरीच्या पुढं उतरवला."

पास्टरनं डोळे मिटले. मले वाटलं शिव्या देते. पण त्यानं वर जाऊन आपूनच उपदेश केला. सहनशीलतेवर. सगळा वेळ माह्याकडं पाहून.

तो माणूस दुसऱ्या गाडीनं आला, तवा प्रीतिभोजनाची पंगत बसली होती. नेमकी माह्या बाजूलेच जागा खाली. काकू वाढत वाढत आली. मी पाहूनच राहिलो होतो. तिनं त्याले सगळ्याइएवढंच वाढलं. एक तुकडा कमी नाई, एक जास्त नाई. अन् म्हणे, "भात लागला तं सांगा."

संध्याकाळी सगळे उतरल्यावर काका मांगं थांबला. मी विचारलं, काकाजी, तो वक्ता होता हे तुमाले माहीत होतं ना?

"हाव."

"मंग मी उतरवत होतो तं बोलले काहून नाई?"

काका म्हणे, "तो जे बोलला ते चूक नव्हतं." मंग गाडीच्या दाराची कडी उगीचच वर-खाली केली. "पण ते माहंच वाक्य होतं, मधू. माह्याच तोंडचं. दुसऱ्यानं तिच्यासमोर म्हणलं तं लय वाईट वाटलं."

अन् गेला घरात.

*

त्याच आठवड्यात, रविवार नसताना, काका सकाळी स्टँडवर आला. एकटा. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी थैली. म्हणे कामठीले चाल.

म्हणलं, काकाजी, माही लाईन कळमेश्वर-नागपूर हाये, कामठी तिकडच्या टोकाले. तं म्हणे, मी लाईन विचारली नाई. मी गाडी काढली. बाकीच्या सवाऱ्या ओरडल्या, त्याइले म्हणलं दुसरी पाहा.

कामठीले लूमची शेड सापडाले वेळ लागला नाई. आवाजावरूनच सापडते. बाहेरूनच खटखट, खटखट, अन् आत पाय ठेवला तं कान बंद. माणूस बाजूले उभा राहून बोंबलला तरी ऐकू येत नाई. तिथले लोक बोलतच नाईत, हातानंच सांगतात. पाणी, चहा, धागा तुटला, मालक आला, सगळं हातानं.

मी दारात थांबलो. काका आत गेला. इतके वर्ष गाडीत बोलला, काकूले कधी शेवटचा शब्द बोलू देला नाई, तो माणूस आत जाऊन उभा राहिला अन् तोंड उघडलं, तं काही उपयोग नाई. विजयची पाठ होती. काकानं हाक मारली असंन, मले त्याचे ओठ दिसले. विजयले कुठून ऐकू येते? शेवटी बाजूच्या कारागिरानं विजयच्या खांद्यावर हात ठेवला अन् मांगं दाखवलं.

विजय वळला. बापाले पाह्यलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला. केस पांढरे झाले पोट्ट्याचे, का कापूस होता तो, मले दुरून समजलं नाई.

काका काहीतरी बोलला. विजयनं कान पुढं केला अन् मान हालवली, ऐकू आलं नाई म्हणून. काका पुन्हा बोलला. पुन्हा नाई. काकाचं तोंड आता रडक्या लेकरासारखं झालं होतं. मंग विजयनं पाचही बोटं जुळवून तोंडाकडं नेले. जेवला का?

काकानं मान हालवली. नाई.

विजयनं आपले माग बंद केले. बाजूच्याले हातानंच काही सांगितलं. बाकीचे माग चालूच, आवाज तेवढाच. खुंटीवरचा डबा काढला अन् दोघं सुताच्या गठ्ठ्यावर बसले. भाकर तोडून अर्धी बापाले देली. दोघंही खाली पाहून खाऊन राहिले. मधातच काकाच्या डोळ्यातून पाणी आलं, त्यानं बाहीनं पुसलं. विजयनं पाण्याची बाटली पुढं केली. काकानं घेतली नाई, खातच राहिला.

डबा संपला. विजयनं माग चालू केले. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् बाहेर आला.

परत येताना मी विचारलं, काय म्हणला?

"काही ऐकूच आलं नाही."

"अन् तुमी काय म्हणले?"

"त्यालेही ऐकू नाही आलं."

थोडं पुढं गेल्यावर मले राहावलं नाई. म्हणलं, काकाजी, निवडलेला असंन तं आपून होऊन येईन म्हणत होते ना? मंग तुमी काहून गेले?

काका म्हणे, "मी आज जाणार, हेही आधीच ठरलेलं होतं."

"मंग याच्या आधी काहून नाई ठरलं?"

"गाडी समोर पाहून चालव."

घरी पोचलो. काकू दारातच होती. कुठं जातो ते काका तिले सांगून गेला नोता, पण तिले माहीत होतं. इस्त्रीचा शर्ट पाहून कोणालेही समजलं असतं. जेवण वाढतो म्हणली. काका म्हणे, पोट भरलेलं हाये.

अन् थैली खाटेवर ठेवली. ठेवताना आत भांडं वाजलं. काकूनं थैलीत हात घातला अन् डबा बाहेर काढला. स्टीलचा, एका बाजूनं चेपलेला. फिरवून पाह्यला. आपला नाई.

"चुकून आला," काका म्हणे.

चुकून काहून येईन. विजय मागाकडं वळला तवा यानं आपल्या हातानं थैलीत टाकला होता, मी दारातून पाह्यलं होतं.

काकू डबा आत घेऊन गेली. नळाचा आवाज येऊन राहिला होता, लय वेळ. बाहेर आली तं डबा पुसूनच राहिली होती. म्हणे, कोणाचा डबा असा रिकामा कसा परत करतात. मंग मले विचारलं, मधू, उद्या कामठीले किती वाजता निघाचं?

मी म्हणलं, तुमी म्हणसान तवा.

तिनं झाकण लावलं, पुन्हा काढलं. काकाकडं न पाह्यताच विचारलं, "पहिले तं तिखटाले हात नोता लावत. आता खाते का?"

काका खाटेवर बसला होता.

"खाते," म्हणे. "भल्लं तिखट होतं."